फोलार फुगत का नाही? पोर्तुगालचे ईस्टर आणि पेन्टेकॉस्टचे पाव

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी पोर्तोला शिकते. ईस्टरला तिच्या घरमालकीणबाईंनी तिला घरी भाजलेला फोलार दिला, वर सालीसकट अख्खं अंडं बसवलेलं. फोटो पाहून ताईंनी पाककृती शोधली, तर एकाच नावाखाली तीन वेगळे पदार्थ निघाले: एक गोड, एक मांस भरलेला आणि एक दालचिनी-साखरेच्या थरांचा. गोड करून पाहिला तर बाहेरून काळपट आणि आत कच्चट झाला. खरा फोलार कुठला, अंडं सालीसकट का ठेवतात, पीठ फुगत का नाही आणि अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या अझोरस बेटांवरचा गोड पाव म्हणजे हाच का, हे त्यांना हवं आहे. मी पोर्तुगालच्या उत्तरेला एका बेकरीत काम शिकलो आणि आता पुण्यात पाव भाजतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, दोष तुमच्या हाताचा नाही. बहुतेक पाककृतींत साहित्य बरोबर असतं आणि वेळ चुकीची असते. "तासभर झाकून ठेवा, दुप्पट झालं की भाजा" हा हिशोब साध्या पावाचा झाला. फोलारच्या पिठात अंडी, लोणी, साखर, दूध इतकं असतं की यीस्टला ते उचलायला बराच वेळ लागतो. हे सगळं त्यात मुळात का आलं ते कळलं, की पीठ कसं हाताळायचं तेही कळतं. म्हणून आधी सणाबद्दल.

राखेच्या बुधवारी कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. रविवार वगळले तर 40 दिवस. आजचे नियम सौम्य आहेत: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपास आणि शुक्रवारी मांस नाही. मध्ययुगात मात्र या संपूर्ण काळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी, चरबी हेही वर्ज्य होतं. आता शेतकऱ्याच्या घराचा विचार करा. दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या भराभर अंडी घालतात, आणि तो काळ नेमका उपवासाचा. हिवाळ्यात कापलेल्या डुकराचं मांस मीठ लावून, धुरी देऊन टांगलेलं असतं. चरबीचं मडकं भरलेलं असतं. ईस्टर उजाडेपर्यंत घरात हे सगळं साठलेलं आणि कुणी हात न लावलेलं. उपवास सुटतो त्या दिवशी ते सगळं एकाच पिठात जातं. फोलार हा उपवास सोडायचा पाव आहे, आणि ज्या भागात जे साठलेलं होतं ते त्या भागाच्या फोलारमध्ये आलं. म्हणून तुम्हाला सापडलेले तिन्ही खरे आहेत.

मांसाचा आहे तो ईशान्येचा, त्राझ-उश-माँतिश या डोंगराळ प्रदेशाचा. शावेश, वाल्पासुश, ब्रागांसा ही तिथली गावं. हिवाळा कडक, आणि घरोघरी धुरी दिलेल्या मांसाची परंपरा. या फोलारमध्ये साखर अजिबात नसते. मैदा, भरपूर अंडी, ऑलिव्ह तेल आणि डुकराची चरबी. किलोभर मैद्याला 10-12 अंडी घालणारी घरं मी पाहिली आहेत. वाल्पासुशच्या फोलारला 2017 साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. तो चौकोनी साच्यात भाजतात, आणि आत सालपिकाँव आणि लिंग्वीसा (डुकराच्या मांसाची धुरी दिलेली सॉसेजेस), हॅम आणि पोटाकडची चरबीदार मांसपट्टी असते.

पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या बेकरीत दुसरं कुठलंच काम चालत नसे. पीठ लाकडी काठवटीत मळलेलं, पिवळंधमक आणि इतकं सैल की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, यात मैदा कमी पडलाय. कोरडा मैदा भुरभुरायचा नाही हा तिथला कडक नियम. हात कोमट ऑलिव्ह तेलात बुडवायचे आणि त्याच हातांनी पीठ साच्यात पसरायचं. त्यावर मांसाचे काप मांडायचे, पण एकावर एक नाही, बोटभर अंतर सोडून. वर पिठाचा दुसरा थर, पुन्हा मांस, शेवटी पिठाचं झाकण. अंतर सोडण्याचं कारण भट्टीत कळतं. लिंग्वीसामध्ये लाल मिरचीची गोडसर पूड असते. तिची चरबी वितळली की ती आजूबाजूच्या पिठात झिरपते, आणि कापल्यावर प्रत्येक कापाभोवती नारिंगी कडं दिसतं. काप एकमेकांना चिकटले की चरबी एकाच जागी जमते, तिथला पाव ओला राहतो आणि तुकडा उचलताना थर सुटतात. चांगल्या फोलारचा तुकडा हातात उभा धरता आला पाहिजे. माझ्या मते पोर्तुगालच्या सगळ्या सणावळीच्या पावांत हा सगळ्यात श्रेष्ठ आहे, आणि परदेशात तो सगळ्यात कमी माहीत आहे याचं मला खरोखर वाईट वाटतं.

थरांचा आहे तो दक्षिणेकडचा, आल्गार्वच्या किनाऱ्यावरच्या ओल्याँव गावाचा. त्यात पिठाच्या पातळ चकत्या लाटतात आणि प्रत्येक चकतीवर लोणी, तपकिरी साखर, दालचिनी लावून उंच डब्यासारख्या साच्यात एकावर एक रचतात. भाजताना साखर वितळून तळाशी उतरते आणि तिचा पाक होतो. बाहेर काढून उलटा केला की तो पाक वरून खाली येतो. या पद्धतीत एक शहाणपण आहे. दालचिनीतला सुगंधी घटक यीस्टला मारक असतो, आणि पिठातच जास्त दालचिनी घातली तर पीठ आळसावतं. ओल्याँवच्या फोलारमध्ये दालचिनी थरांत असते, त्यामुळे हवी तेवढी घालता येते. पोर्तुगीज सणांच्या पावांत दालचिनी इतकी सढळ दिसते त्यामागे आपल्याकडच्या समुद्राचा इतिहास आहे. 1505 साली पोर्तुगीज श्रीलंकेला पोहोचले आणि तिथल्या दालचिनीच्या व्यापारावर त्यांनी पकड बसवली. साखर त्याआधीच, 15व्या शतकात, मादेइरा बेटावरून येऊ लागली होती.

आणि तुमच्या मुलीला मिळाला तो तिसरा, देशभर सर्वांत जास्त चालणारा गोड फोलार: गोल, मऊ, दालचिनी आणि बडीशेपेच्या वासाचा, मध्ये अंडं आणि अंड्यावर पिठाच्या दोन पट्ट्या क्रुसाच्या आकारात.

अंडं सालीसकट का? धर्माच्या अंगाने सांगायचं तर बंद कवच म्हणजे बंद कबर, आणि आतला जीव म्हणजे पुनरुत्थान. व्यवहाराच्या अंगाने, सोललेलं अंडं भट्टीत सुकून चिवट होतं आणि त्याचा वास पावाला लागतो. सालीत ते नीट राहतं. अंडं आधी कांद्याच्या सालींबरोबर उकडतात, त्यामुळे त्याला तांबूस-तपकिरी रंग येतो. आपल्याकडच्या लाल कांद्याच्या साली आणि पांढरी अंडी घेतलीत तर रंग आणखी खुलतो. मूठ-दोन मुठी साली, चमचाभर व्हिनेगर, आणि उकडून झाल्यावर अंडी त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. हल्ली बऱ्याच बेकऱ्या अंड्याशिवाय फोलार करतात. चवीत फरक पडत नाही हे खरं, पण हा पाव द्यायचा पाव आहे, आणि अंडं पाहून घेणाऱ्याला कळतं की हा आपल्यासाठी ठेवलेला होता. मी अंडं घालतोच.

द्यायचा म्हणजे कुणी कुणाला? ही रीत मला फार आवडते. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी, मूल आपल्या धर्ममातेकडे किंवा धर्मपित्याकडे (बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची जबाबदारी घेतलेल्या पालकाकडे) फुलांचा लहानसा गुच्छ घेऊन जातं, जुन्या रिवाजानुसार व्हायोलेटच्या फुलांचा. पुढच्या रविवारी, ईस्टरला, धर्मपालक त्याची परतफेड फोलारने करतात. काही ठिकाणी मुलाचं लग्न होईपर्यंत हे दरवर्षी चालतं. अलीकडे फोलारऐवजी पैसे किंवा साखरेत घोळलेले बदाम देतात, तरी त्या भेटीलाही 'फोलार'च म्हणतात. या पावाची एक लोककथाही आहे. मारियाना नावाच्या गरीब मुलीने लवकर लग्न व्हावं म्हणून संत कॅथरिनला साकडं घातलं, आणि एक श्रीमंत उमराव आणि आमारू नावाचा गरीब शेतकरी असे दोघे एकाच वेळी मागणी घालायला आले. झावळ्यांच्या रविवारपर्यंत तिने निर्णय घ्यायचा होता. त्या दिवशी दोघे वाटेत एकमेकांवर धावून गेले. मारियाना धावत पोहोचली, संताचा धावा केला आणि तिच्या तोंडून आमारूचं नाव आलं. तरी तो उमराव लग्नाच्या दिवशी आमारूला मारेल ही भीती होतीच. ईस्टरच्या दिवशी तिच्या टेबलावर अख्खी अंडी बसवलेला पाव दिसला, भोवती तिने संताच्या वेदीवर वाहिलेली फुलं. ती आमारूकडे निघाली तर तोही तसाच पाव घेऊन येताना भेटला. उमरावाने पाठवला असेल म्हणून दोघे आभार मानायला गेले, तर त्यालाही तसाच पाव आलेला. तेव्हापासून हा पाव मैत्रीचा आणि समेटाचा मानतात.

उत्तरेत, विशेषतः मीन्यू भागात, ईस्टरच्या दिवशी 'काँपासु' निघतो. धर्मगुरू किंवा गावातले प्रमुख लोक फुलांनी सजवलेला क्रूस घेऊन घंटा वाजवत घरोघर जातात. ज्या घराला क्रूस यायला हवा ते दारात पानाफुलांचा सडा घालतं. घरातले सगळे क्रुसाचं चुंबन घेतात, आणि मग टेबलावरचं काहीतरी तोंडात टाकून मंडळी पुढच्या घरी. त्या टेबलावर फोलारपेक्षा 'पाँव-द-लॉ' जास्त दिसतो. नावात पाव असला तरी तो अंडी, साखर आणि मैद्याचा केक आहे, यीस्टशिवाय, फक्त फेटलेल्या अंड्यांच्या हवेवर फुगणारा. ओव्हार गावचा आतून ओला, चमच्याने खावा असा, आणि मार्गारीदचा मातीच्या भांड्यात भाजलेला, मध्ये भोक असलेला आणि कोरडा.

आता तुमच्या पिठाकडे येऊ. दोन मध्यम फोलारसाठी मैदा 500 ग्रॅम, साखर 100, लोणी 100, मोठी अंडी 2, दूध साधारण 160 मिली, मीठ 7 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 8 ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, सपाट चमचाभर दालचिनी आणि तेवढीच भरडलेली बारीक बडीशेप. बाजारातला मैदा प्रत्येक वेळी सारखं पाणी पीत नाही, म्हणून दुधातलं थोडं हाती राखून ठेवा. मैद्याच्या पिशवीवर प्रथिनं पाहा. 100 ग्रॅमला 11 ग्रॅमच्या आसपास किंवा वर असली तर उत्तम. 9 असतील तर पीठ एवढं लोणी पेलत नाही.

सगळं एकदम मळू नका, इथेच बहुतेकांचा फोलार बिघडतो. साखर पाणी ओढून घेते आणि यीस्टला कमी पडतं. लोणी मैद्याच्या कणांवर बसलं की ग्लुटेन जुळत नाही. म्हणून आधी 150 ग्रॅम मैदा, 140 मिली दूध आणि सगळं यीस्ट एवढंच कालवून झाकून ठेवा. पाऊण तासात ते फसफसून जाळीदार झालं पाहिजे. जाळी आली म्हणजे यीस्ट जिवंत आहे आणि कामाला लागलंय. नाही आली तर तिथेच थांबा, पुढचं लोणी आणि अंडी वाया घालवू नका. मग उरलेला मैदा, अंडी, मीठ, लिंबाची साल, दालचिनी, बडीशेप आणि निम्मी साखर घालून मळा. मशीनमध्ये 7-8 मिनिटांनी पीठ भांड्याच्या कडा सोडू लागतं. तेव्हा उरलेली साखर दोनदा घाला, आणि अगदी शेवटी लोणी, एकेक तुकडा, आधीचा जिरल्याशिवाय पुढचा नाही. हाताने मळणार असाल तर अर्धा तास धरून चला. पिठाचा लहान गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. फाटण्याआधी त्यातून उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला तर मळणं पुरेसं. कड फाटून खडबडीत तुटली तर आणखी मळा. पीठ हाताला चिकटेल. त्या क्षणी मैदा घालायचा मोह होतो, आणि घट्ट फोलारचं निम्मं कारण तो मूठभर मैदा असतो. हाताला तेल लावा.

दुसरी अडचण आपल्या हवेची. ईस्टर मार्चअखेर ते एप्रिलअखेर कधीही येतो. पोर्तुगालात तेव्हा घरात 18-20 अंश असतं आणि पीठ निवांत चार-पाच तास फुगतं. नाशिकला एप्रिलमध्ये 38 अंश. पिठाचं तापमान 28-30च्या पुढे गेलं की लोणी वितळून बाहेर येतं, पीठ तेलकट होतं आणि फुगलेलं दिसलं तरी भट्टीत बसतं. म्हणून अंडी आणि लोणी फ्रिजमधून काढून वापरा (लोणी बोटाने दाबता यावं इतपतच मऊ), आणि मळून झाल्यावर पीठ अर्धा तास बाहेर ठेवून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये टाका. दहा-बारा तासांत ते सावकाश फुगतं, वास सुधारतो आणि सकाळी गार पीठ वळायलाही सोपं जातं. तुमच्या पाककृतीतल्या 'एका तासा'ची जागा ही रात्र घेते.

सकाळी पिठातून पट्ट्यांसाठी थोडं बाजूला काढून दोन गोळे करा, चपटे करा, मध्ये खोलगट जागा करून अंडं बसवा. अंडं फ्रिजमधलं गार नको. गार अंड्याभोवतीचं पीठ फुगत नाही आणि नेमका तोच भाग कच्चा राहतो. ते पुसून कोरडंही करा, ओल्या सालीखाली पीठ चिकट होतं. वर दोन पट्ट्या आडव्या-उभ्या टाकून टोकं खाली दुमडा. आता पुन्हा दीड ते अडीच तास. घड्याळाकडे पाहू नका, बोटाने कडेला हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धाच भरला तर भाजायला घ्या.

बाहेर काळपट आणि आत कच्चं का झालं तेही सांगतो. साखर, दूध आणि अंड्यामुळे हा पाव साध्या पावापेक्षा फार लवकर रंग धरतो, आणि घरच्या ओटीजीची वरची कॉइल जवळ असते. ट्रे सर्वांत खालच्या खणात ठेवा, 175 अंश, फक्त अंड्यातल्या पिवळ्यात थोडं दूध घालून वरून ब्रश. 15 मिनिटांनी रंग आला की फॉइल सैल झाका आणि एकूण 30-35 मिनिटं भाजा. थर्मामीटर असेल तर पावाच्या मध्यात 90 अंशांच्या वर गेलं पाहिजे. रंगावरून हा पाव झाला की नाही ते कधीच ठरवू नका.

आमच्या बेकरीतल्या वयस्कर बाई पीठ मळून झालं की त्यावर तळहाताच्या कडेने क्रूस उमटवत आणि पुटपुटत, "साँव मामेद ते लेवेद, साँव व्हिसेंत ते आक्रेसेंत, साँव जुआँव ते फासा पाँव." संत मामेद तुला फुगवो, संत व्हिन्सेंट तुला वाढवो, संत योहान तुझा पाव करो. उत्तरेकडच्या खेड्यांत याची वेगवेगळी रूपं ऐकू येतात. त्या मग पिठावर कापड घालत, आणि त्यावर जुनी घोंगडी. क्रूस उमटवण्याचा एक उपयोगही होता: ती रेघ रुंदावून पुसट झाली की पीठ तयार.

पाव भाजल्यावर लगेच खाणार असाल तरच अंडं खा. आपल्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं भट्टीतून निघून तास-दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर ते काढून टाकावं, पाव खुशाल खावा. दुसऱ्या दिवशी या पावाचे जाड काप तव्यावर लोण्यात भाजले तर ताज्यापेक्षा सरस लागतात.

उत्तरेकडचा मांसाचा फोलार आपल्याकडे करायचा तर गोव्याची चोरीस हाताशी आहे. तिचं मूळ पोर्तुगीज शोरीसूच, पण तिच्यात तिखट आणि व्हिनेगर भरपूर, आणि ती शिजवावी लागते. कच्ची भरू नका. आधी परतून, सुटलेली चरबी वेगळी काढून, मांस गार करून भरा. त्या लाल चरबीतली दोन चमचे पिठातल्या तेलाच्या जागी घाला. चोरीस एकट्याने घातली तर आंबटपणा वर येतो, अर्धी चोरीस आणि अर्धं हॅम हे प्रमाण मला बरोबर वाटतं. डुकराचं मांस चालत नसेल तर चिकन सॉसेज घालता येईल, पण त्यातून चरबी सुटत नाही, तेव्हा पिठात ऑलिव्ह तेल थोडं वाढवा.

आता शेवटचा प्रश्न, अझोरसचा. तिथल्या गोड पावाचं नाव मासा सोवादा. पीठ जवळपास तेच: अंडी, लोणी, दूध, साखर, आणि खूप वेळ मुठींनी ठोसून मळणं. साँव मिगेल बेटावर ईस्टरला याच पिठात अंडं बसवलं की तो फोलार. अंडं काढलं, पाव मोठा आणि गोल केला, की तो पेन्टेकॉस्टचा. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पन्नासाव्या दिवशी, पेन्टेकॉस्ट येतो, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर ही भक्ती आता मोजक्या ठिकाणी उरली. तोमारमध्ये दर चार वर्षांनी जुलैत मुली डोक्यावर स्वतःच्या उंचीएवढे, 30 पावांनी रचलेले मनोरे घेऊन मिरवणुकीने जातात, तो तिचाच अवशेष. अझोरसमध्ये मात्र भूकंप आणि ज्वालामुखींच्या छायेत राहणाऱ्या लोकांनी ही भक्ती घट्ट धरून ठेवली. पेन्टेकॉस्टनंतरचा सोमवार हा तिथे 1980 पासून अझोरसचा अधिकृत दिन आहे.

ही परंपरा पोर्तुगालच्या राणी इझाबेलशी (1271–1336) जोडतात. गरिबांना वाटायला पदरात पाव लपवून नेताना राजाने अडवलं आणि पदर उघडल्यावर भर हिवाळ्यात गुलाब निघाले, ही तिचीच कथा. 1625 साली तिला संतपद मिळालं. अझोरसच्या सणाचा गाभाही पाव वाटणं हाच. तेर्सेइरा बेटावर गावोगावी 'इम्पेरिउ' नावाची लहानशी रंगीत देवळं आहेत, त्यांत चांदीचा मुकुट आणि कबुतर बसवलेला राजदंड असतो. ईस्टरपासून दर आठवड्याला मुकुट एका घरी मुक्कामाला जातो, रविवारी चर्चमध्ये गावातल्याच कुणाच्या तरी, पुष्कळदा लहान मुलाच्या, डोक्यावर तो ठेवतात, आणि मग सगळ्यांचं जेवण. नवस फेडणारं कुटुंब खर्च करतं, शेजारी पीठ मळायला येतात. तेर्सेइराला मासा सोवादाबरोबर 'आल्कात्रा' असते: मातीच्या भांड्यात वाइन घालून तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. तिखटमिठाच्या रश्शाबरोबर गोड पाव ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा खाल्लंत की दुसरा पाव नको वाटतो. हाच गोड पाव स्थलांतरितांबरोबर मॅसॅच्युसेट्सला गेला, आणि हवाईतही पोहोचला, जिथे मादेइराहून मजुरांचं पहिलं जहाज 1878 साली लागलं.

तुमच्या मुलीला पेन्टेकॉस्टच्या सुमारास अझोरसला जायला जमलं तर तिने कुठल्याही गावातल्या इम्पेरिउसमोर उभं राहावं, अनोळखी माणसालाही जेवायला बसवतात. तिथे 'सोपाश' वाढतील. ते घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्यात मासा सोवादा वापरत नाहीत. आदल्या दिवशीचा साधा, घट्ट पाव जाड कापून खोलगट भांड्यात लावायचा, वर पुदिन्याच्या डहाळ्या, आणि त्यावर मांसाचा उकळता रस्सा ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मासा सोवादा वेगळ्या ताटात, शेवटी.